१९६२ : एक कायदा, एक रुग्णालय आणि एक पदविका

प्रशासनाचा इतिहास लिहिताना आपण साधारणतः तीन गोष्टींची नोंद घेतो. कायदा कधी झाला, संस्था कधी स्थापन झाली आणि तिला निधी किती मिळाला. तो कायदा राबविणारी माणसे कुठे शिकली, काय शिकली आणि त्यांना शिकविण्याचा निर्णय कोणी घेतला, ही चौथी नोंद सहसा राहून जाते. वास्तविक कायद्याचे यशापयश पुष्कळदा या चौथ्या नोंदीवरच ठरते. भारतातील वैद्यकीय भौतिकशास्त्राच्या, म्हणजेच रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गाच्या शास्त्राच्या, शिक्षणाचा इतिहास हे त्याचे एक चांगले उदाहरण आहे. विषय तांत्रिक वाटला तरी त्याचा गाभा प्रशासकीय आहे, आणि आपल्यापैकी कोणाच्याही घरात कर्करोगाचा रुग्ण असेल तर तो अगदी जवळचाही आहे.

या इतिहासात १९६२ हे वर्ष मध्यवर्ती आहे. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. संसदेने १९४८ च्या कायद्याच्या जागी नवा अणुऊर्जा कायदा संमत केला. मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून अणुऊर्जा विभागाकडे आले. आणि ट्रॉम्बे येथील अणुऊर्जा आस्थापनेत, जिला पुढे १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने 'रेडिऑलॉजिकल फिजिक्स' या विषयाची पदव्युत्तर पदविका सुरू झाली. पहिल्या दोन घटना ग्रंथांत सापडतात. तिसरीची नोंद त्या व्यवसायातील लोकांपलीकडे फारशी कोणी ठेवलेली नाही. माझ्या मते तिघींत तिचे महत्त्व कमी नव्हते.

पूर्वपीठिका

राँटगेनने क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावला. भारतात ते किरण फार लवकर पोहोचले, ते सैन्याबरोबर. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत वायव्य सरहद्दीवर जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी सर्जन-कॅप्टन बीव्हर यांनी क्ष-किरण यंत्र वापरले होते. म्हणजे शोधाला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. पुढे मोठ्या शहरांतील रुग्णालयांत ही यंत्रे आली. मद्रासला १९३४ मध्ये बर्नार्ड इन्स्टिट्यूट ऑफ रेडिऑलॉजी सुरू झाली आणि या विद्येला आपल्याकडे एक स्वतंत्र घर मिळाले.

परंतु हे किरण जसे निदान करतात तसे इजाही करतात, हे कळायला जगाला काही वर्षे लागली. सुरुवातीच्या काळात अनेक डॉक्टरांची व तंत्रज्ञांची बोटे गेली, कित्येकांचे प्राण गेले. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ते अंगावर पडताना वेदना होत नाही. इजा दिसते ती दिवसांनी किंवा आठवड्यांनी, आणि कर्करोगाच्या रूपाने दिसलीच तर वर्षांनी. इंद्रियांना न कळणाऱ्या धोक्याविरुद्ध एकच उपाय असतो, तो म्हणजे मोजमाप. १९२८ मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या रेडिऑलॉजीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 'राँटगेन' हे एकक स्वीकारले गेले आणि किरणांपासून संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय समितीही नेमली गेली. मोजमाप आणि संरक्षण एकाच ठिकाणी जन्मले, हा योगायोग नव्हे. जे मोजता येत नाही त्यापासून संरक्षणाचा नियम करता येत नाही.

मोजणारा माणूस भारतीय रुग्णालयात आला तो टाटा मेमोरियलच्या निमित्ताने. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर टाटा विश्वस्त निधीने उभारलेले हे रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे भौतिकशास्त्राची जबाबदारी डॉ. रामय्या नायडू यांच्याकडे होती. ते मूळचे आंध्रातील मदनपल्लीचे. पॅरिसला मादाम क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे काम झालेले होते. ('अनुराधा' या १९६० च्या चित्रपटातील नायिका लीला नायडू या त्यांच्या कन्या, हे सांगितले तर पुष्कळ वाचकांना नाव ओळखीचे वाटेल.) त्यांनी टाटा मेमोरियलमध्ये रेडॉन वायूचे संयंत्र उभे केले. रेडियम हे अतिशय महाग आणि धोकादायक द्रव्य. ते रुग्णाच्या शरीराजवळ नेण्याऐवजी सुरक्षित ठेवायचे, त्यातून निघणारा रेडॉन वायू बारीक नळ्यांत भरायचा आणि त्या नळ्या उपचाराला वापरायच्या, अशी ती पद्धत. पण रेडॉनचे अर्धायुष्य केवळ ३.८ दिवसांचे, म्हणजे एवढ्या काळात त्याची शक्ती निम्मी होते. आज भरलेली नळी परवा तेवढीच प्रभावी नसते. त्यामुळे प्रत्येक नळीचे गणित रोज नव्याने मांडावे लागे. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असते, येथे मात्रा दर तासाला बदलत असते. भौतिकशास्त्रज्ञ रुग्णालयात कशासाठी हवा, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे.

कोबाल्टचे आगमन आणि १९६२

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. अणुभट्ट्यांत कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य मोठ्या प्रमाणात तयार करता येऊ लागले. १९५१ मध्ये कॅनडात त्याच्या साहाय्याने कर्करोगावर उपचार करणारी पहिली यंत्रे सुरू झाली. त्यांतील सस्कातून येथील यंत्रामागे हॅरॉल्ड जॉन्स हे तेथील विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशी यंत्रे भारतातही आली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली मद्रासची अड्यार कर्करोग संस्था त्यात अग्रभागी होती. तिकडे ट्रॉम्बेला १९५६ मध्ये अप्सरा आणि १९६० मध्ये सायरस या अणुभट्ट्या सुरू झाल्या. किरणोत्सर्गी द्रव्ये आता देशातच तयार होणार, आणि ती रुग्णालये, कारखाने व विद्यापीठे अशा शेकडो ठिकाणी जाणार, हे स्पष्ट दिसू लागले होते.

शासनापुढे तेव्हा प्रश्न होता तो असा. अणुभट्टी एका कुंपणाच्या आत असते, तिच्यावर लक्ष ठेवणे सोपे. परंतु कोबाल्टचे यंत्र एकदा लुधियाना, कटक किंवा मदुराईच्या रुग्णालयात गेले की त्याच्यावर मुंबईतून लक्ष कसे ठेवणार? १९६२ च्या कायद्याने किरणोत्सर्गी द्रव्ये बाळगणे, वापरणे व त्यांची विल्हेवाट लावणे यांवर नियंत्रण ठेवण्याचा आणि सुरक्षिततेचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. पण अधिकार दिल्लीत व मुंबईत होता, धोका जिल्ह्याच्या ठिकाणी होता. या दोहोंमधले अंतर निरीक्षक पाठवून भरून निघत नाही. वर्षातून एकदा येणारा निरीक्षक उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय करणार? तेथे रोज हजर असणारा आणि काय मोजायचे हे जाणणारा माणूस हवा.

ट्रॉम्बेची पदविका हे त्याचे उत्तर होते. भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. झालेल्या उमेदवाराने एक वर्ष तेथे शिकायचे आणि मग देशातील कोणत्या तरी रुग्णालयात जाऊन उभे राहायचे. तोवर हे शिक्षण घ्यायचे तर परदेश गाठावा लागे, किंवा काम करता करता शिकावे लागे. कायदा, रुग्णालय आणि अभ्यासक्रम या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी, एकाच विभागाच्या छत्राखाली आल्यामुळे नियम करणारे, शिकविणारे आणि उपचार करणारे परस्परांच्या हाकेच्या अंतरावर राहिले. ट्रॉम्बे आणि परळ यांत अंतर ते किती! आपल्याकडे नियम एका मंत्रालयाचा, प्रशिक्षण दुसऱ्याचे आणि अंमलबजावणी राज्याची, अशी वाटणी बहुधा असते. येथे निदान आरंभी तसे झाले नाही.

विद्यार्थी शिकतो तरी काय

या अभ्यासक्रमात किरणांचा पदार्थाशी होणारा संयोग, किरणांच्या मोजमापाची साधने, उपचाराचे नियोजन, शरीरात ठेवायच्या किरणस्रोतांचे गणित, अणुवैद्यक, किरणांचे जीवशास्त्र, खोलीच्या भिंतींची जाडी ठरविणे आणि कायदा व नियम हे विषय येतात. नुसती यादी वाचून त्यातील गांभीर्य कळत नाही, म्हणून दोन उदाहरणे देतो.

कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. म्हणजे त्याची शक्ती दरमहा सुमारे एक टक्क्याने कमी होते. आज रुग्णाला एक मिनिट किरण द्यायचे असतील तर पाच वर्षांनी त्याच यंत्रावर तेवढीच मात्रा देण्यासाठी जवळजवळ दोन मिनिटे लागतील. हे गणित दर महिन्याला दुरुस्त केले नाही तर उपचार हळूहळू अपुरा होत जातो. यंत्र चालू असते, दिवा लागतो, रुग्ण येतो-जातो, कागदोपत्री सर्व ठीक असते आणि कर्करोग मात्र बरा होत नाही. मात्रा पाच टक्क्यांच्या आत अचूक असावी, असा दंडक या क्षेत्रात १९७० च्या दशकापासून मानला जातो.

दुसरे उदाहरण हवेचे. किरण मोजण्याचे मुख्य साधन म्हणजे आयनीकरण कक्ष, हवेने भरलेली एक लहानशी पोकळी. किरणांमुळे त्या हवेत जो विद्युतभार निर्माण होतो तो मोजायचा. पण हवा विरळ असेल तर भार कमी भरतो. मुंबईत समुद्रसपाटीवर जे साधन बरोबर आकडा दाखवील तेच सिमल्यासारख्या दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी सुमारे एक पंचमांशाने कमी आकडा दाखवील. तेथील तापमान व हवेचा दाब नोंदवून दुरुस्ती न करणारा माणूस यंत्र कमकुवत आहे असे समजेल आणि रुग्णाला गरजेहून बरीच जास्त मात्रा देईल. असा गुणाकार रोज करण्याची सवय लावणे हे या शिक्षणाचे खरे काम आहे.

सवय नसेल तर काय होते हे कोस्टा रिकाने पाहिले. १९९६ मध्ये सान होसे येथील एका सरकारी रुग्णालयात कोबाल्टचा नवा स्रोत बसविला गेला. त्याची शक्ती मोजताना तीस सेकंद म्हणजे अर्धे मिनिट, ०.५ मिनिट, हे धरण्याऐवजी ०.३ मिनिट असे धरले गेले. एवढ्याशा चुकीमुळे ११५ रुग्णांना ठरल्यापेक्षा निम्म्याहून अधिक जादा मात्रा मिळाली. काहींचे प्राण त्यामुळे गेले. आकडा दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पुन्हा मोजला असता तर ही चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. आपल्या कार्यालयांत एका लिपिकाने तयार केलेले देयक दुसऱ्याने तपासावे असा नियम आहे, त्यामागची बुद्धी हीच.

नियमाने निर्माण केलेला व्यवसाय

१९७१ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षण नियम आले. त्यांत 'रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर' या पदाची तरतूद होती. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. १९७१ च्या नियमांची जागा २००४ च्या नियमांनी घेतली आणि मालक, परवानाधारक व सुरक्षा अधिकारी या तिघांच्या जबाबदाऱ्या अधिक नेमक्या झाल्या. किरणोपचाराचे यंत्र चालवायचे तर पात्र वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आणि सुरक्षा अधिकारी असलाच पाहिजे, तो नसेल तर परवाना नाही, अशी ही व्यवस्था आहे.

मला या व्यवस्थेचा एक विशेष वाटतो. आपल्याकडील बहुतेक परवाने वस्तूला किंवा जागेला मिळतात. इमारतीला, वाहनाला, दुकानाला. येथे परवाना यंत्राचा असला तरी तो एका शिकलेल्या माणसाच्या उपस्थितीवर अवलंबून आहे. त्या माणसाने राजीनामा दिला तर संस्थेने तसे कळवून दुसरा नेमला पाहिजे. त्याच्या हाताखालील प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर एक लहान बिल्ला असतो. १९७५ पर्यंत त्यात फिल्म असे, नंतर ट्रॉम्बेलाच विकसित झालेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या आल्या. ठराविक मुदतीने हे बिल्ले प्रयोगशाळेत जातात आणि कोणाच्या अंगावर किती किरण पडले याची नोंद होते. कर्मचाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. ज्या देशात खाणीतल्या किंवा गिरणीतल्या कामगाराच्या फुप्फुसात किती धूळ गेली याचा हिशेब क्वचितच ठेवला गेला, त्या देशात एका वर्गाच्या कामगारांचा असा वर्षानुवर्षांचा हिशेब ठेवला जातो, ही लहान गोष्ट नव्हे.

नियमामुळे मागणी निर्माण झाली आणि मागणीमुळे व्यवसाय. १९७६ मध्ये भारतीय वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली. ती आजही डॉ. रामय्या नायडू यांच्या नावे स्मृतिव्याख्यानाचा सन्मान देते. ट्रॉम्बेच्या मोजक्या जागा अपुऱ्या पडू लागल्यावर विद्यापीठे पुढे आली. १९८० च्या दशकात चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात वैद्यकीय भौतिकशास्त्राची एम.एस्सी. सुरू झाली. पुढे हैदराबादचे उस्मानिया, चंदिगडचे पंजाब विद्यापीठ अशा ठिकाणी ती पसरली. ट्रॉम्बेची पदविकाही आज होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाच्या कक्षेत आहे.

येथे एक अडचण उभी राहिली आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. विद्यापीठ पदवी देऊ शकते, पण कोबाल्टचे यंत्र किंवा रेखीय त्वरक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात नसतो. म्हणून पदवीनंतर चांगली साधनसामग्री असलेल्या रुग्णालयात एक वर्षाची उमेदवारी आवश्यक ठरविली गेली, आणि सुरक्षा अधिकारी व्हायचे तर वेगळी परीक्षा. हे योग्यच आहे. मात्र उमेदवारीच्या जागा रुग्णालयांच्या हातात, पदवी विद्यापीठाच्या हातात आणि मान्यता नियामक मंडळाच्या हातात, अशी वाटणी झाली. १९६२ मध्ये जे एका छत्राखाली होते ते आता तीन दारांत विभागले गेले आहे. पदवी हाती असूनही उमेदवारीची जागा शोधत फिरावे लागणारा विद्यार्थी या वाटणीची किंमत मोजतो.

मायापुरी

या सर्व व्यवस्थेचा खरा अर्थ २०१० मध्ये दिल्लीत कळला, आणि तो कळला ती व्यवस्था जेथे पोहोचली नव्हती अशा ठिकाणी. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ मध्ये कॅनडाहून गॅमासेल नावाचे एक उपकरण घेतले होते. शिशाच्या जाड आवरणात कोबाल्ट-६० आणि मध्ये नमुना ठेवायची जागा, असे ते उपकरण. १९८५ च्या सुमारास त्याचा वापर थांबला. पंचवीस वर्षे ते पडून राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर निरुपयोगी सामानाबरोबर त्याचा रीतसर लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात गेले. तेथील कामगारांनी शिशासाठी आवरण फोडले. आतल्या कोबाल्टचे तुकडे दुकानादुकानांत पोहोचले. एक तुकडा तर एका माणसाच्या पैशाच्या पाकिटात होता. एप्रिलमध्ये त्वचा काळवंडलेला, केस गळालेला एक रुग्ण खासगी रुग्णालयात आला, तेथील डॉक्टरांना संशय आला आणि मग नियामक मंडळाला कळविले गेले. सात जणांना इजा झाली, त्यांतील एकाचा महिनाअखेर मृत्यू झाला. नियामक मंडळ, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि नरोरा अणुवीज केंद्र येथील पथकांनी तुकडे शोधून हलविले. आंतरराष्ट्रीय श्रेणीनुसार ही घटना चौथ्या पातळीची ठरली.

एक साधे गणित करून पाहावे. १९६८ ते २०१० ही सुमारे बेचाळीस वर्षे, म्हणजे कोबाल्टची जवळजवळ आठ अर्धायुष्ये. दर वेळी निम्मे या हिशेबाने त्या द्रव्याची मूळची शक्ती सुमारे अडीचशेव्या हिश्श्यावर आली होती. तरीही तिने एक माणूस मारला. हे गणित पदविकेच्या पहिल्याच महिन्यात शिकविले जाते. त्या लिलावाच्या कागदावर सही करण्यापूर्वी असा एक शिकलेला माणूस विचारला गेला असता तर हे घडले नसते.

शासकीय सेवेत जडवस्तुसंग्रह नोंदवही पाहिलेल्या कोणालाही हे कसे घडते ते समजेल. वस्तू, खरेदीची तारीख, किंमत, स्थिती : निरुपयोगी. नोंदवहीत 'निरुपयोगी' हा शेवटचा शेरा असतो. त्यानंतर निर्लेखन, समिती, लिलाव. प्रत्येक पायरी नियमाप्रमाणेच होते. पण निरुपयोगी वस्तू निरुपद्रवीही असते, हे त्या नोंदवहीने गृहीत धरलेले असते. कोबाल्टला ते मान्य नसते. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथे हेच घडले होते. बंद पडलेल्या किरणोपचार केंद्रात सोडून दिलेला सीझियमचा स्रोत भंगारात गेला, २४९ जणांना किरणोत्सर्गी द्रव्याची बाधा झाली आणि चौघे मृत्यू पावले. त्या घटनेचा अहवाल जगभर अभ्यासला जातो, आपल्याकडेही अभ्यासक्रमांत तो असतो. पण तो वाचलेला माणूस मायापुरीच्या लिलावाच्या खोलीत नव्हता.

ज्या रुग्णालयात प्रशिक्षित भौतिकशास्त्रज्ञ असतो तेथे जुना स्रोत काढताना पुरवठादाराकडे किंवा ठरलेल्या केंद्राकडे परत पाठविल्याची नोंद होते, कारण ती नोंद ठेवणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते. विद्यापीठात तो स्रोत एका संशोधनापुरता आला, संशोधन संपले, आणि त्याचा धनी कोणी उरला नाही. ज्ञान जेथे निर्माण होते त्याच विद्यापीठात हे व्हावे, ही यातली सर्वांत बोचरी बाब आहे.

क्ष-किरणांचा बेहिशेबी प्रदेश

दुसरा अनुभव कमी नाट्यमय, पण व्याप्तीने मोठा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये नियामक मंडळाच्या कामकाजावर अहवाल सादर केला. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी ५२,१७३, म्हणजे ९१ टक्के, मंडळाच्या नियंत्रणाबाहेर चालू होती, असे त्यात नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निर्देशानुसार प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय स्थापन व्हायचे होते. अकरा वर्षांनी ते केवळ केरळ व मिझोराम या दोन राज्यांत होते. अहवालानंतर मंडळाने चेन्नई, कोलकाता व दिल्ली येथील प्रादेशिक केंद्रांतून आणि ऑनलाइन परवाना पद्धतीतून हे काम बरेच पुढे नेले, हे मान्य केले पाहिजे.

तरीही प्रश्न उरतो. त्याच मंडळाच्या देखरेखीखाली किरणोपचार केंद्रांची शिस्त एवढी चांगली आणि क्ष-किरण केंद्रांची एवढी सैल का? कायदा एकच, नियम तेच. संख्या हे एक कारण निश्चित आहे. पण दुसरे कारण असे की, किरणोपचारासाठी १९६२ पासून माणसे घडविली गेली, क्ष-किरणांसाठी तशी घडविली गेली नाहीत. गल्लीतल्या क्ष-किरण केंद्रात नियमाला हात-पाय नव्हते.

प्रशासनासाठी काही सूचना

या इतिहासावरून चार गोष्टी सुचतात.

एक, यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव आणि त्यासाठी लागणाऱ्या पदांचा प्रस्ताव एकाच नस्तीवर चालवावा. यंत्र भांडवली खर्चातून येते, पद आकृतिबंधातून येते आणि दोहोंचा वेग वेगळा असतो. यंत्र आले आणि भौतिकशास्त्रज्ञाचे पद वित्त विभागात अडकले, तर कोट्यवधींची वस्तू खोक्यात राहते.

दोन, विद्यापीठे व संशोधन संस्थांच्या निर्लेखन नियमांत एक ओळ घालावी. प्रयोगशाळेतील कोणतेही उपकरण लिलावात काढण्यापूर्वी त्यात किरणोत्सर्गी द्रव्य नाही, असे प्रमाणपत्र पात्र व्यक्तीचेच हवे.

तीन, संशोधक निवृत्त होताना कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत असे स्रोत नावानिशी लिहिले जावेत. तलाठी दप्तर सोपवितो तेव्हा नोंदवह्या मोजून घेतल्या जातात, प्राध्यापकाने कोबाल्ट सोपविताना निदान तेवढे तरी व्हावे.

चार, सरकारी कर्करोग रुग्णालयांनी उमेदवारीच्या जागा व विद्यावेतन निश्चित करावे. पदवी देणारी विद्यापीठे वाढविणे सोपे आहे, पण शेवटच्या वर्षाची जागा नसेल तर पहिल्या वर्षांचा खर्च वाया जातो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी काहींची मुले भौतिकशास्त्र शिकत असतील आणि एम.एस्सी. नंतर काय, हा प्रश्न घरात येत असेल. हा मार्ग त्यांना जरूर दाखवावा. येथे प्रसिद्धी नाही. रुग्ण डॉक्टरांचे आभार मानून जातो, तळघरातल्या खोलीत सकाळी लवकर येऊन यंत्र तपासणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक नसते. पण त्या दिवशी पन्नास रुग्णांना मिळणारी मात्रा बरोबर असते ती त्या तपासणीमुळे. १९६२ मध्ये कायदा करणाऱ्यांनी त्याच वर्षी अशी माणसे घडविण्याचीही सोय केली, म्हणून तो कायदा रुग्णालयांत टिकला. पुढचा कोणताही कायदा करताना मसुद्याच्या शेवटी हा एक प्रश्न लिहून ठेवावा : हे राबविणार कोण, आणि ते शिकणार कुठे?